बाराव्या वर्षाचा हिशेब

घरात पहिलं कुत्र्याचं पिल्लू येणार असलं की आठ-दहा दिवस घरात दुसरा विषय नसतो. नाव काय ठेवायचं, झोपवायचं कुठं, पट्टा कोणत्या रंगाचा घ्यायचा, जात कोणती, शेजारचे काय म्हणतील. हे प्रश्न खोटे नाहीत, पण ते सगळे मिळून पिल्लाच्या पहिल्या तीन महिन्यांपुरतेच असतात. मध्यम आकाराचा कुत्रा नीट सांभाळला तर बारा-तेरा वर्षं जगतो आणि त्यातलं पिल्लूपण जेमतेम वर्षभराचं. उरलेल्या वर्षांचा, त्यातही शेवटच्या दोन-तीन वर्षांचा विचार त्या आठ-दहा दिवसांत सहसा कोणी करत नाही. माझं म्हणणं असं की हा निर्णय उलट्या टोकाकडून घ्यावा. आधी बारावं वर्ष डोळ्यांपुढं आणावं, ते आपल्या घराला पेलणार आहे का ते बघावं, आणि पेलणार असेल तरच पिल्लू बघायला जावं. या म्हणण्यावर आक्षेप पुष्कळ येतात आणि ते वजनदार असतात. ते एका तोंडून यावेत म्हणून त्या तोंडाला मी ‘आप्पा’ म्हणते. आप्पा म्हणजे कोणी एक गृहस्थ नव्हेत. वाड्यात वाढलेल्या, आता फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि घरात कुत्रा आणू नये असं मनापासून वाटणाऱ्या पिढीचा तो आवाज आहे. मला तो पटत नाही, पण त्याला उत्तर दिल्याशिवाय माझं म्हणणं उभं राहत नाही.

आप्पा म्हणतात, “अगं, आमच्या दारातही कुत्रा होताच की. पण तो दारात होता. दोन वेळची भाकरी, उरलंसुरलं दूध, रात्री राखण. त्याला पट्टा नव्हता, डॉक्टर नव्हता, वाढदिवस तर नव्हताच. मनात येईल तेव्हा गावभर हिंडून यायचा. तुम्ही सहाव्या मजल्यावर एक जीव कोंडून ठेवता, दिवसातून दोनदा दोरीला बांधून खाली नेता आणि त्याला प्रेम म्हणता. प्रेम कुणाचं? तुमचं तुमच्यावर. तुमची आणि त्याचीही सोय बघायची असेल तर आणूच नका.”

आप्पांच्या बोलण्यातला मोकळेपणाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी मान्य करते. दिवसाचे दहा तास कुलूपबंद घरात एकटा राहणारा कुत्रा सुखी नसतो, आणि ज्या घरातली सगळी माणसं सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला परततात त्या घरानं आप्पांचं ऐकावं. पण दारातला कुत्रा सुखी होता, या आठवणीत एक मोठी गाळलेली जागा आहे. दारात एक कुत्रा दिसायचा, तो गेला की दुसरा दिसायचा. मधली मेलेली पिल्लं मोजायला कोणी बसलं नव्हतं. पश्चिम बंगालमध्ये संशोधकांनी ती मोजली. कोलकात्याच्या ‘आयसर’ या संशोधनसंस्थेतल्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांचा जन्मापासून माग ठेवला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सात महिन्यांच्या वयापर्यंत पोचलेली पिल्लं होती १९ टक्के. बाकीची गेली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंना या ना त्या प्रकारे माणूस कारण होता. म्हणजे वाड्याच्या दारात जो डौलदार मोती किंवा वाघ्या आठवतो तो पाचातला एक वाचलेला असणार. आणि म्हातारा होऊन, आंधळा होऊन, कोपऱ्यात अंथरुणाला खिळलेला मोती फारसा कोणाला आठवत नाही, कारण त्या वयापर्यंत तो क्वचितच पोचायचा. आप्पांच्या पिढीनं कुत्रा पाळला, पण कुत्र्याचं म्हातारपण पाळण्याची वेळ तिच्यावर फारशी आली नाही. ती आपल्यावर आली आहे. लसी आल्या, खाणं सुधारलं, गुरांच्या दवाखान्यापलीकडे कुत्र्या-मांजरांचे वेगळे दवाखाने निघाले आणि कुत्रं आता आपल्या डोळ्यांदेखत म्हातारं होऊ लागलं आहे. आपल्या घरांना या गोष्टीचा सराव नाही, म्हणून तर ती आधी मोजावी लागते.

पिल्लूपणाचं कौतुक करायला हरकत नाही, पण तिथंही शेवटच्या वर्षांची बीजं पडत असतात. भारतातल्या २०१७च्या श्वान-पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. हा नियम पिल्लाच्या भल्याचा आहे, कारण दातांचा जोर किती लावायचा, थांबायचं कधी, हे ते आईकडून आणि भावंडांकडून याच आठवड्यांत शिकतं. तरीही पाच आठवड्यांचं, डोळे नुकते उघडल्यासारखं पिल्लू पिशवीतून घरी आणणारे लोक आहेतच. लहान आणलं की लळा लवकर लागतो, असा त्यांचा समज. खरं तर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा असतो की पिल्लाला जे दाखवाल, ऐकवाल ते त्याच्या जगात कायमचं ‘ओळखीचं’ म्हणून जमा होतं. कुकरची शिट्टी, रिक्षा, दाढीवाला माणूस, वॉकर घेऊन चालणारी आजी, गणपतीतला ढोल. अडचण अशी की लसीही याच काळात चालू असतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे आजार म्हणजे पिल्लांचे दोन मोठे काळ. त्यांच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं द्याव्या लागतात आणि तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडायचं नाही. पहिलंच कुत्रं असलेलं घर इथं चुकतं. ते पिल्लाला चार महिने घरात ठेवतं आणि मग दिवाळीत ते पलंगाखाली थरथरत बसलं की म्हणतं, हा भित्राच आहे. पिल्लाला कडेवर घेऊन, जमिनीवर न ठेवता, रोज दहा मिनिटं खालच्या रस्त्यावर उभं राहिलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. पहिल्या कुत्र्याच्या वाट्याला आपलं अडाणीपण येतं. त्याच्या जिवावर आपण शिकतो आणि त्या शिक्षणाचा फायदा दुसऱ्याला मिळतो. म्हणून पहिल्याचं देणं जास्त.

जातीची निवडही याच हिशेबात येते. २००३च्या सुमाराला एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग दिसला आणि शहरोशहरी पग दिसू लागले. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड होत नाही. ते धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं. चपट्या नाकाच्या कुत्र्याला नेमकं तेच जमत नाही. तरुणपणी त्याचं घोरणं गोड वाटतं. दहाव्या वर्षी, एप्रिलमध्ये, तोच आवाज श्वासासाठी चाललेली झटापट असतो. विदर्भाच्या उन्हात हस्की पाळणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला नको. गल्लीतलं गावठी पिल्लू इथल्या हवेला पिढ्यान् पिढ्या मुरलेलं असतं. ‘आयसर’च्याच गटानं २०२० साली दाखवून दिलं की ज्यांना कोणी काही शिकवलेलं नाही असे रस्त्यावरचे कुत्रेही अनोळखी माणसानं बोट केलेल्या दिशेनं जातात, जे जवळ आले त्यांतल्या सुमारे ८० टक्क्यांनी ते केलं. तेव्हा हुशारीसाठी परदेशी रक्त लागतं हा समज सोडून द्यावा.

“बरं, आणलं गावठी,” आप्पा म्हणतात. “पण खर्च? लसी, औषधं, गोचीडताप, दात, सांधे. ज्या देशात माणसाला सलाइन लावायला खाट मिळत नाही तिथं कुत्र्याला सलाइन? मला हे बघवत नाही. आणि तू हिशेब हिशेब करतेस तर हाही कर.”

हा आक्षेप निर्दयपणातून येत नाही, तो माणसांच्या कणवेतून येतो, म्हणून त्याला फटकारून चालणार नाही. तीन गोष्टी सांगते. पहिली अशी की ज्या घरात कुत्र्याच्या औषधासाठी मुलाची फी किंवा आजीची गोळी थांबणार आहे, त्या घरानं कुत्रा आणू नये. हे मी संकोच न करता म्हणते, कारण तिथं शेवटी थांबते ती कुत्र्याचीच गोळी. दुसरी गोष्ट अशी की कुत्र्यावरचा पैसा वाचला तर तो गरजू माणसाकडे जातो, असं घडताना दिसत नाही; तो मोठ्या टीव्हीकडे जातो. आणि तिसरी, जी आप्पांनाही आवडेल: कुत्र्याच्या म्हातारपणाची सगळ्यात परिणामकारक तजवीज फुकट आहे. ती म्हणजे कमी खाऊ घालणं. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून त्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न. २००२ साली निष्कर्ष छापून आले: सडसडीत ठेवलेल्या गटाचं मध्यक आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्या गटाचं ११.२. शिवाय सांधेदुखीची औषधंही सडसडीत कुत्र्यांना बरीच उशिरा लागली. आपल्याकडे तर प्रेम म्हणजे खायला घालणं. जेवताना ताटाशी बसलेल्या कुत्र्याला तुपाची पोळी, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं, आल्यागेल्यानं दिलेला पेढा. नामदेवांच्या कथेत भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं ते तुपाची वाटी घेऊन धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ती कथा मला फार प्रिय आहे. पण तो भुकेला कुत्रा होता. सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावलं तर त्याची दोन वर्षं आपणच खातो. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसू नयेत, ही साधी कसोटी आहे.

मधली वर्षं भरभर जातात. कुत्रा घराच्या घड्याळात बसतो, कुणाच्या पावलांचा आवाज लिफ्टपाशी ओळखायचा हे त्याला कळतं आणि आपल्याला तो कायमचा तरुण आहे असं वाटू लागतं. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे सर्रास सांगितलं जातं आणि ते चूक आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सुमारे १०० लॅब्रेडॉरांच्या डीएनएवरच्या खुणा माणसांच्या खुणांशी ताडून २०२० साली जे गणित मांडलं, त्याप्रमाणे वर्षाचा कुत्रा माणसाच्या तिशीच्या आसपास पोचलेला असतो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडून जातो आणि मग वेग मंदावत बाराव्या वर्षी तो सत्तरीत येतो. म्हणजे ज्याला आपण ‘आत्ता कुठं शहाणा झाला’ म्हणतो तो आपल्याला मागं टाकून पुढं गेलेला असतो. आठव्या वर्षापासून वर्षाला एकदा रक्त-लघवी तपासून घ्यावी, दात बघून घ्यावेत. बहुतेक घरं ते करत नाहीत, कारण कुत्रा अजून उड्या मारत असतो.

मग एके दिवशी तो उडी मारत नाही. सुरुवात फरशीपासून होते. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरशीवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात. उठताना तो दोनदा प्रयत्न करतो, तिसऱ्यांदा उठतो आणि कोणी बघितलं का, असं वाटावं तसा इकडंतिकडं बघतो. काही दिवसांनी तो दिवाणखाना ओलांडत नाही. सतरंजीच्या काठापर्यंत येतो, पुढचा एक पंजा फरशीवर टेकवून बघतो, मागं घेतो आणि तिथंच बसतो. घरातले म्हणतात, आता आळशी झाला. तो आळशी झालेला नसतो; ते सहा फूट त्याला आता ओढ्यासारखे वाटतात. त्या सहा फुटांवर जुन्या सतरंजीचे तुकडे टाकले, खाली रबराची जाळी घातली, पंजाच्या गाद्यांमधले केस आणि वाढलेली नखं कापली, की तो पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसतो. डोळ्यांत निळसर झाक येते. ती बहुतेक वेळा मोतीबिंदू नसते, वयानं भिंगाचा गाभा घट्ट झाल्याची खूण असते आणि दिसणं बऱ्यापैकी चालू राहतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. दुखतंय म्हणून घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अर्धी करून देणं हा तर उघड धोका आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकनं कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कुत्र्यांसाठीची सांधेदुखीची औषधं वेगळी असतात आणि ती मिळतात.

त्याहून अवघड असतं ते डोक्याचं म्हातारपण. कॅलिफोर्नियात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांमध्ये विस्मरणाचं किमान एक लक्षण आढळलं. कुत्रा रात्री दोनला उठून घरभर फिरतो. दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून दार उघडायची वाट बघतो. कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात शिरतो आणि मागं कसं यायचं ते त्याला सुचत नाही. बारा वर्षं बाहेरच शी-शू करणारा कुत्रा पलंगाजवळ शू करतो आणि घर रागावतं, इतक्या वर्षांत कळत होतं, आता मुद्दाम करतो म्हणून. मुद्दाम काही नसतं. रात्रीचा छोटा दिवा, पाण्याचं भांडं आणि अंथरूण यांची जागा न बदलणं, दिवसा थोडं ऊन आणि थोडं चालणं, झोपण्याआधी एकदा खाली नेणं, आणि लागल्यास औषध, एवढ्यानं पुष्कळ रात्री शांत जातात. इथं सोसायट्यांबद्दल एक बाजूचं पण महत्त्वाचं: कुत्र्यांना लिफ्टमध्ये बंदी करणारे ठराव होतात. भारतीय पशुकल्याण मंडळानं २०१५ सालीच अशी बंदी घालता येत नाही असं कळवलं आहे. धडधाकट कुत्रा जिने उतरेलही. या ठरावाचा फटका बसतो तो पाय अधू झालेल्याला आणि त्याला उचलून नेणाऱ्या साठीतल्या बाईला. कुत्र्याची घाण मालकानं उचललीच पाहिजे, त्याबद्दल मी सोसायटीच्या बाजूनं आहे. लिफ्टबद्दल नाही.

आता आप्पा त्यांचा सगळ्यात धारदार प्रश्न विचारतात. “ही सतरंजी, हा दिवा, ही रात्रीची जाग, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी किती जण करतात? आईला वृद्धाश्रमात ठेवून कुत्र्याला रबराची जाळी? कुत्रा पाळल्यानं घराला सेवा करायची शिकवण मिळते, असं तुम्ही लोक म्हणता. शिकायचंच असेल तर घरात आजोबा आहेत.”

आप्पा, हे तुम्ही बरोबर बोलता, आणि म्हणूनच ‘कुत्रा आपल्याला काही शिकवतो’ हे कारण मी या लेखात दिलेलं नाही. कुत्रा ही सेवेची तालीम करायची वस्तू नव्हे, आणि आजोबांना दिलेला वेळ कुत्र्याच्या खात्यातून काढायचा नसतो. ज्या घराला दोन म्हातारपणं एकदम झेपणार नाहीत त्यानं आजोबांचं बघावं आणि पिल्लू आणू नये. बाराव्या वर्षाचा हिशेब करा म्हणते तो यासाठीच. आज आजोबांचं वय ६८ असेल तर कुत्र्याच्या बाराव्या वर्षी ते ८० असतील, मुलगी कॉलेजसाठी बाहेरगावी असेल, हे कागदावर मांडून बघायला पाच मिनिटं लागतात. पण एकदा आणल्यावर कुत्र्याचा आपल्यावर जो हक्क येतो तो शिकवणुकीतून येत नाही. तो यातून येतो की त्याला आपल्यावर अवलंबून राहणारा प्राणी आपणच केला. २०१९ साली कुत्र्यांच्या आणि लांडग्यांच्या चेहऱ्यांचे स्नायू तपासले गेले तेव्हा दिसलं की भुवईची आतली कड वर उचलणारा स्नायू कुत्र्यात ठळक आहे, लांडग्यात नावापुरता. ज्या नजरेला आपण विरघळतो ती नजर हजारो वर्षं माणसाजवळ राहताना घडली. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच संप्रेरक जे आई आणि बाळ यांच्यात काम करतं. माणसानं वाढवलेल्या लांडग्यांत तसं झालं नाही. आणि हे नातं कामापुरतं होतं, राखणीपुरतं होतं, असंही म्हणता येत नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथं १९१४ साली सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि एक कुत्रा. २०१८ साली त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले गेले. सात महिन्यांचं ते पिल्लू होतं, आणि मरण्याआधी कित्येक आठवडे, पुन्हा पुन्हा, ते डिस्टेंपरसारख्या आजारानं अंथरुणाला खिळलं होतं. पाणी पाजणारं, अंग पुसणारं, ऊब देणारं कोणी नसतं तर ते इतके दिवस टिकलंच नसतं, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. ते पिल्लू शिकारीच्या कामाचं नव्हतं, राखणीच्याही नव्हतं. आजारी कुत्र्याशेजारी रात्र जागवणं हे फ्लॅटमधल्या माणसाचं नवं खूळ नाही, आप्पा. ते तुमच्या वाड्याहून फार जुनं आहे.

आप्पा इथं थोडे नरमतात, पण अडतात वेगळ्या जागी. “आणि माझ्यासारख्यानं काय करायचं? मी पंचाहत्तरीचा. उद्या मी गेलो आणि कुत्रा मागं राहिला तर?” हा प्रश्न मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण बाराव्या वर्षाचा हिशेब आप्पा इथं स्वतःच करतात. रतन टाटा यांचं २०२४ साली निधन झालं तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या कुत्र्याच्या आयुष्यभराच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यासाठी टाटा असावं लागत नाही. आपल्यानंतर कुत्रा कोणाकडे जाईल त्या माणसाला आधी विचारून त्याचं नाव लिहून ठेवणं, थोडी रक्कम बाजूला काढणं, कुत्र्याची आणि त्याची आधीपासून ओळख करून देणं, हे कोणालाही जमतं. आणि पंचाहत्तरीला पिल्लूच कशाला? आसरा देणाऱ्या संस्थांमध्ये सात-आठ वर्षांचे, सगळं शिकलेले, संथ चालीचे कुत्रे कोणी न नेल्यामुळे पडून असतात. ते तिथं आले कसे, हे विचारलं की बहुधा ठरावीक उत्तरं मिळतात: घर बदललं, बाळ झालं, परदेशी गेलो, म्हातारा झाला. म्हणजे बारावं वर्ष कोणी मोजलं नव्हतं. १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावर टाकून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला त्यात लिहिलेला दंड आहे १० ते ५० रुपये. आपल्या घरात दहा वर्षं राहिलेल्या जिवाला हायवेवर सोडून दिलं तर कायदा मागतो ते एवढंच, म्हणून बाकीचं मागणं आपल्याला स्वतःकडे मागावं लागतं.

राहता राहिला शेवट. मराठीत वाईट मरणाला आपण ‘कुत्र्याची मौत’ म्हणतो. हा शब्दप्रयोग ज्या मरणावरून आला ते मरण एकट्याचं, रस्त्याच्या कडेचं, कुणी न विचारलेलं होतं. तेच आप्पांना बघवत नाही आणि म्हणून ते म्हणतात, “शेवटी रडायचंच आहे तर सुरुवातच कशाला?” या आक्षेपाला माझ्याकडे पुरावा नाही, फक्त उत्तर आहे: रडणं आपल्या वाट्याचं आहे, आणि ते टाळण्यासाठी त्याची बारा बरी वर्षं घडूच न देणं हा सौदा फक्त आपल्या सोयीचा होतो. महाभारतातल्या महाप्रस्थानात युधिष्ठिर कुत्र्याला सोडून इंद्राच्या रथात चढायला नकार देतो तेव्हा तो कुत्र्याचा उपयोग सांगत नाही, गुण सांगत नाही. माझ्या भरवशावर इथवर आला त्याला टाकणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. आजच्या घरात तो रथ वेगळ्या रूपात येतो. कुत्रा खात नाही, उठत नाही, औषधानं दुखणं थांबत नाही, आणि डॉक्टर दयामरणाबद्दल विचारतात. कोणी म्हणतं, जीव घेण्याचा आपल्याला अधिकार काय. कोणी घाई करतं. अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी यासाठी विचारायचे प्रश्न नेमके बांधून दिले आहेत: वेदना आटोक्यात आहेत का, खातो-पितो का, अंग स्वच्छ राहतं का, कशात आनंद वाटतो का, हलता येतं का, आणि वाईट दिवसांपेक्षा बरे दिवस जास्त आहेत का. कॅलेंडरवर रोज एक खूण केली की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महिन्याभरात समोर दिसतं, घरातल्या भांडणाशिवाय. बरे दिवस संपले असतील आणि डॉक्टरांचंही तेच मत असेल, तर लांबवणं हे त्याच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं.

आणि तो दिवस ठरला तर एक विनंती. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात का, ते डॉक्टरांना विचारून घ्या. जमल्यास त्यांना घरीच बोलवा, त्याच्या सतरंजीवर. पुष्कळ माणसं त्या वेळी बघवत नाही म्हणून बाहेर जाऊन उभी राहतात, आणि त्यांचं दुःख खोटं नसतं. पण त्या वयाच्या कुत्र्याला बहुधा नीट ऐकू येत नसतं, नीट दिसतही नसतं. घर त्याला आता वासावरूनच कळतं आणि त्याच्या घराचा सगळ्यात ओळखीचा वास आपल्या हाताला असतो. बाहेर जाऊ नका. हात त्याच्या नाकापाशी ठेवा आणि डॉक्टर उठेपर्यंत तिथंच बसा.